चाळिसाव्या झाडाचं नाव

माझी नात भाषा बनवते. हे मी शेजारणीला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "कायची भाजी?" मी म्हटलं, भाजी नाही बाई, भाषा. बोली. आपण बोलतो ती. शेजारीण म्हणाली, "मंग आतावरी आपुन काय बोलून राहिलो?"

तिचं काही चुकलं नाही. मलाही तसंच वाटायचं. मी चार वर्ग शिकलेली. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं आणि त्यानंतर पोरांच्या पुस्तकांवर. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारी. केशोरीच्या बाजूला आमचं गाव, घरामागे धानाच्या बांध्या, आणि बांध्यांच्या वरच्या अंगाला आमची बोडी, म्हणजे लहान तळं. बोडीची पार, तो मातीचा बांध, कोणी घातली, पाणी कुठून वळवलं, हे आमच्या घरात कोणालाही विचारा, सांगेल. तेव्हा माणूस तळं बांधू शकतो हे मला माहीत होतं. माणूस बसल्या जागी भाषा बांधू शकतो हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं, आणि कळलं तेव्हापासून माझा वासलेला आ अजून मिटलेला नाही.

नात पुण्याला कामाला असते. मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर खेळायचे खेळ बनवतात, तिथे. यंदा चैत्रात ती आठ दिवस आली. एरवी आली की आधी स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडते. यंदा पाठीवरची पिशवीही न काढता माझ्या खाटेवर येऊन बसली. डोळे सुजलेले.

"काऊन वं? कायले रडून राहिली?"

"रडून नाही राहिली आजी. झोप नाही झाली."

झोप न झालेलं माणूस आणि रडलेलं माणूस मला ओळखू येतं. पण मी विचारलं नाही. मी भेंड्या घेऊन बसले होते, एक विळी तिच्याकडे सरकवली. हात चालू झाले की तोंड चालू होतं, हे मला माहीत आहे.

तसंच झालं. तिनं सांगितलं की त्यांच्या एका खेळात एक मोठं जंगल आहे, आणि त्या जंगलात माणसं राहतात. तशी माणसं जगात कुठेही नाहीत, कधी नव्हती. पण ती बोलणार, आणि त्यांची बोली बनवायचं काम हिच्याकडे. हो कसं म्हणायचं, नाही कसं म्हणायचं, पाहुण्याला बस कसं म्हणायचं, सगळं हिनं बनवलेलं.

"कायपासून बनवली?" मी विचारलं. मला खरंच कळेना. तळ्याला माती लागते, दगड लागतो. ह्याला काय लागतं?

"पहिले आवाज निवडाचे. कोन्ते आवाज त्याईच्या तोंडात हायेत आन कोन्ते नाहीत."

"आवाज नसते असं कसं होईल?"

ती पहिल्यांदा हसली. "आपल्या तोंडात ळ हाये का? ण हाये का?"

मी बोलून पाहिलं. पानी. लोनी. तळ्याला आम्ही तरा म्हणतो, डोळ्याला डोरा. सत्तर वर्षं मी बोलते आहे, आणि दोन आवाज माझ्या बोलण्यात नव्हतेच. लिहिताना येतात, बोलताना नाहीत. आपल्याच घरात एक खोली नाही, आणि तसं कोणी दाखवेपर्यंत आपल्याला कळलंही नाही, तसं मला झालं. मी विळी बाजूला ठेवली. माझ्या वाट्याच्या भेंड्या मग सुनेनं, तिच्या आईनं, चिरल्या.

आता दुखणं कुठे होतं ते सांगते. जंगल म्हटलं की झाडं आली. चाळीस झाडांना नावं द्यायची होती. हिनं दोनदा यादी पाठवली आणि तिच्या वरच्या बाईंनी दोनदा परत केली. बाईंचं म्हणणं एकच, हे शब्द कोणी कधी बोललंय असं वाटत नाही. सोमवारपर्यंत तिसरी यादी द्यायची. नाही जमली तर ते जंगल दुसऱ्या कोणाकडे जाणार.

"मंग काय करशील?"

"बाबांनी बँकेचा फॉर्म भरून ठेवला हाये. परीक्षा दीन."

"तुले बँकेत बसाचं हाये का?"

"नाही."

"मंग कायले?"

तिनं एका भेंडीचे फार बारीक तुकडे केले. म्हणाली, "दोनदा परत आलं आजी. आपल्याले वाटते ना का हेच येते आपल्याले, आन तेच येत नाही, तं मंग बाकी काय उरलं?"

ही पोरगी सातवीत असल्यापासून वह्यांच्या मागच्या पानांवर काहीबाही लिहायची. आम्हाला वाटायचं अक्षर वाईट आहे. ते अक्षर नव्हतं, भाषा होत्या. हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि मला भीती वाटली. बँकेची नाही. ज्या गोष्टीचं मला नावही माहीत नव्हतं ती गोष्ट हिच्यात पंधरा वर्षं वाढत होती आणि सोमवारी मरणार होती, त्याची.

म्हटलं, वाच ती यादी.

तिनं वाचली. शब्द गोड होते, गुळगुळीत होते, देवळात घंटा वाजल्यासारखे. मी अर्थ विचारले. एकाचा अर्थ लाल झाड. एकाचा उंच झाड. एकाचा पूर्वेचं झाड. झाडाला एक शब्द केलेला, आणि त्याच्या पुढे काहीतरी जोडत गेलेली.

"जंगलवाले झाडावर रंगानं नंबर टाकतात ना," मी म्हटलं, "तसं वाटून राहिलं."

सून आतून म्हणाली, "आई, जरा गोड बोला ना. आठ दिवसांसाठी आली ते."

पण नात ताठ बसली. "बोलू दे तिले. आनखी सांग आजी."

आणखी काय सांगणार, मला तरी काय येत होतं. मी म्हटलं, सकाळी चल, झाडंच दाखवते.

सकाळी आम्ही तिघी निघालो. सुनेच्या डोक्यावर टोपलं, नातीच्या हातात मोबाईल, त्यात माझा आवाज भरायचा. मी येन दाखवला. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चिरलेली असते, आणि उन्हाळ्यात एखाद्या येनाच्या खोडाला फुगार येतो, तिथे घाव घातला की पाणी निघतं. बिजा दाखवला. त्याला कुऱ्हाड लागली की लाल रस येतो, नवी सून असताना मी तो पाहून घाबरले होते, वाटलं कोणाला लागलं. कुसुम, धावडा, तेंदू, चारोळीचा चार. मी सांगत होते, पाला कुठे लागतो, लाकूड कशाला, फळ कधी. नात प्रत्येक झाडापाशी एकच विचारायची, "हे नाव काऊन पडलं?"

आणि मला सांगता येईना. एकाही झाडाचं सांगता येईना.

मी येनाला हात लावून उभी राहिले. ह्या झाडाकडे कोणीतरी पहिल्यांदा बघितलं असेल आणि तोंडातून 'येन' काढलं असेल. सकाळी त्याला नाव नव्हतं, आणि संध्याकाळी घरी जाऊन त्या माणसानं सांगितलं असेल, येनाखाली बसलो होतो. आणि घरच्यांना कळलं असेल. ते माणूस कोण, बाई का गडी, काही माहीत नाही. त्याचं हाड उरलं नाही आणि त्याच्या तोंडातला आवाज माझ्या तोंडात आहे. ह्या झाडाखालून मी हजारदा गेले असेन, सरपण घेऊन, गुरं घेऊन, कधी मान वर करून हा विचार केला नाही.

फिरत फिरत आम्ही बोडीच्या पारीवर आलो. तिथे आमचं मोठं झाड आहे. खाली फुलांचा सडा. सून वेचायला बसली.

नात म्हणाली, "छत्तीस झाले. आजी, हा तं राहूनच गेला. ह्याचं नाव सांग, चालू हाये."

"हा ना," मी म्हटलं. "बोडीवरचा."

"तसं नाही. झाडाचं नाव."

"तेच तं सांगून राहिली. बोडीवरचा."

"आजी, नाव."

मी वाकून फुलं वेचायला लागले. सून हसायला लागली, टोपलं हातातून सुटेपर्यंत. "त्याईच्या तोंडून नाही निघत वं ते. तुह्या आजोबाचं नाव घे आन दोन अक्षरांवर थांब."

नातीनं मनातल्या मनात नाव घेतलं. ओठ हलले आणि थांबले. मग तिनं वर झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

तर झालं असं आहे. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत. नुसतं नाव नाही, नावासारखं वाजणारं काहीही नाही. आणि आमच्या घरच्यांच्या नावाची पहिली दोन अक्षरं म्हणजे मोह. लिहायला हरकत नाही, लिहिलेलं तोंडातून निघत नाही, म्हणून इथे लिहिते. आता बघा, आमच्या ह्या भागात लग्न करून यायचं आणि मोह म्हणायचं नाही. दुसऱ्या कुठल्या झाडाचं नाव असतं तर वर्षातून दोनदा अडलं असतं. ह्याच्यापायी रोज अडायचं. मोहरीला मी राई म्हणायची. आंब्याला मोहर आला तर बार आला. मधमाशांचं मोहोळ म्हणजे माशांचं घर. ते सगळं निभलं. पण चैत्रात पहाटे सगळं गाव टोपली घेऊन निघालेलं, आणि जाऊ विचारते, "कुठी चालली?" तिला काय सांगू?

पहिल्या वर्षी मी नुसता हात दाखवला. दुसऱ्या वर्षी हात दाखवायचा कंटाळा आला. फुलं पडताना आवाज येतो, टप, टप, अंधार असला तरी कळतं कुठे पडून राहिली. मी म्हटलं, टपक्याकडे. जाऊ हसली आणि तीही टपक्या म्हणायला लागली.

मग ते वाढत गेलं. फुलं यायच्या आधी, फाल्गुनात, पानं झडलेली आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस, लहान पोर मूठ आवळतं तसे. तेव्हा तो मुठ्या. फुलं संपली की नवी पालवी येते, तांबडी, चकचकीत, नवे कपडे घालून कोणी आल्यासारखी. तेव्हा तो जावई. ह्यानं एकदा घोटाळाही झाला. माझ्या नणंदेचं लग्न होऊन दोन महिने झाले होते. मी बोडीवरून आले आणि म्हटलं, जावई आला, पारीवर उभा हाये, लाल कपडे घालून. सासूनं शिरा टाकला. शिरा झाला, पाट मांडला, आणि कोणी येईना. सगळ्यांनी शिरा खाल्ला. पण सासूलाही पुढे कधी कधी त्या झाडाला जावई म्हणताना मी ऐकलं आहे.

फळं लागतात त्यांना टोरी म्हणतात, तेव्हा तो टोरीचा. तुम्ही म्हणाल, मग बारा महिने टोरीचाच म्हणायचं होतं. पण टोरी जेठ-आषाढातली. चैत्रात त्याला टोरीचा म्हणणं म्हणजे नव्या नवरीला आजी म्हणणं. धान रोवण्याच्या दिवसांत चिखलातून वर येऊन आम्ही बाया त्याच्याखाली भाकर सोडायचो, तेव्हा शिदोऱ्या. आणि हिवाळ्यात तो काही करत नाही, नुसता उभा असतो, म्हणून बोडीवरचा. कोणी समोर उभं राहून नावच विचारलं, तर तेच पुढे करायचं.

माझा मुलगा, म्हणजे ह्या नातीचा बाप, हीच नावं ऐकत मोठा झाला. शाळेत मास्तरनं चित्र दाखवून विचारलं, हे कोणतं झाड? त्यानं विचारलं, "कोन्त्या महिन्यातलं?" मास्तरला वाटलं पोरगा चेष्टा करतो. दिवसभर वर्गाबाहेर उभं ठेवलं.

आणि हे, ज्यांच्यापायी सगळं झालं, ते पहिल्या वर्षी मला चिडवायचे. झाडाखाली उभे राहून म्हणायचे, "ह्या झाडाले काय म्हनते गा कोनी? मले तं आठवत नाही." मी म्हणायची, "तुमच्या मायले इचारा." नंतर कधी तरी त्यांनीही माझीच नावं उचलली. कधी, ते सांगता येत नाही. त्यांना काय बंदी होती? काहीच नाही. पण शेवटच्या चैत्रात खाटेवरून उठवत नव्हतं, तेव्हाही विचारलं, "टपक्या लागला का पडाले?" अकरा वर्षं झाली त्याला. आता नाव घेतलं तर कोण विचारतं. पण येत नाही. जीभच तिकडे वळत नाही.

हे सगळं मी फुलं वेचता वेचता सांगितलं. नात खाली बसली होती, मोबाईल मांडीवर. मला वाटलं कंटाळली.

मग म्हणाली, "आजी, तू पन्नास वर्षं भासा बनवून राहिली."

"भासा कायची. लाज होती ते."

"लाज असू दे. एका झाडाले सहा नावं. माह्यापाशी चारीस झाडं आन एक नाव हाये."

तिनं सांगितलं की दूरदूरच्या देशांतही सुना असं करतात. नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव टाळता टाळता त्यांचे वेगळेच शब्द झालेत, आणि शिकलेली माणसं त्यावर पुस्तकं लिहितात. मी हातातली फुलं तशीच धरून ऐकत राहिले. म्हणजे मी इथे बोडीवर लाजेनं हात दाखवत होते, तेव्हा कुठे समुद्रापलीकडे एखादी बाई तिच्या झाडापाशी उभी राहून हेच करत होती. तिलाही वाटत असेल आपण एकटीच. मला तिला बघावंसं वाटलं.

त्या दिवसापासून नातीनं आधीची यादी बंद केली. मी तिला एवढंच सांगितलं होतं की झाडाकडे बघून नाव पडत नाही, झाडाशी काम पडते तेव्हा नाव पडते. तिनं ते धरलं. त्या जंगलातल्या माणसांना प्रत्येक झाडाशी काय काम पडतं ते आधी ठरवायची, आणि मग शब्द. ओसरीवर बसून पुटपुटायची. शेजारीण म्हणाली, पोरीले डाक्टरले दाखवा.

पण शब्द झाला की तो खरा कसा करायचा? ह्याची रीत आम्हाला सापडली ती अशी. सून पारीच्या त्या टोकाला काड्या वेचत होती. नातीनं मला विचारलं, "हे कसं वाटते? कारुथेन." मी म्हटलं, लांबून हाक मारून पाह्य. जंगलातली मानसं काय कानात बोलतात का?

तिनं पारीच्या ह्या टोकाहून हाक मारली. सुनेनं तिकडून विचारलं, "काय कार्थी?"

नातीनं वहीत आधीचा शब्द खोडला आणि लिहिलं, कार्थी.

पुढचे तीन दिवस आमचं हेच. ती ह्या टोकाला, सून त्या टोकाला, मधे वारा आणि पाणी. इकडून जो शब्द जायचा तो तिकडे पोचेपर्यंत झिजायचा, कोपरे जायचे, आणि सून जे ऐकायची ते ती ओरडून परत सांगायची. एक मोठा लांब शब्द होता, त्याचा 'ऊदम' झाला. दुसऱ्या एकाला सुनेनं "येस म्हनली का?" विचारलं, तर ते झाड 'येस' झालं. काही शब्द सुनेपर्यंत पोचलेच नाहीत, ते टाकून दिले. कधी मी म्हणायची, आता तोंडात घास घेऊन म्हण. आता डोक्यावर भारा आहे असं समजून म्हण. सून वैतागायची, "मले घरी काम हाये, तुमचं जंगल बसवा तुमीच." पण दुसऱ्या दिवशी तीच आधी पारीवर.

मी बघत होते. सकाळी जो आवाज जगात कुठेच नव्हता, तो दुपारी आमच्या पारीवर ह्या टोकाहून त्या टोकाला जाऊन आला, आणि संध्याकाळी सून भाकरी थापताना सहज बोलून गेली, "ते ऊदमचं झालं का वं?" तिला कळलंही नाही आपण काय बोललो. मला कळलं. येन म्हणणारं ते पहिलं माणूस आणि त्याच्या घरचं माणूस मला दिसलं, चुलीपाशी बसलेलं.

रविवारी एकोणचाळीस नावं झाली. चाळिसावं झाड तिनं आमच्या झाडावरून घेतलं होतं, पहाटे फुलं ढाळणारं. मी विचारलं, त्याचं काय?

तिनं वही दाखवली. सहा हंगामांची सहा नावं होती, माझ्या नावांच्या अर्थांवरून तिच्या बोलीत केलेली. आणि मुख्य नावाची जागा कोरी. तिथे लिहिलेलं, नाव आहे, पण घेत नाहीत.

मी म्हटलं, "अवं, कोरं कायले ठेवते? दोनदा परत आलं ना? टाक ना काही तरी."

"नाही आजी."

"एका नावासाठी सारं जाईल वं."

"काही तरी टाकलं का ते पुन्हा नंबरच होईल. ह्या एका जागेवरून बाकीचे एकोनचारीस खरे वाटतील. तूच शिकवलं."

मी असं काही शिकवलं नव्हतं. सून म्हणाली, आई, तुम्हीच समजवा. मुलगा दोन दिवसांसाठी आमगावला बाजाराला गेला होता, तो फोनवर म्हणाला, बँकेची तारीख जवळ आली, तिला सांग. मी कोणाचं काही सांगितलं नाही. माझी एक लाज, आणि तिच्यापायी पोरीचं जंगल जाणार, हेच डोक्यात. त्या दुपारी मी एकटी गाईच्या कोठ्यात गेले आणि ते नाव घेऊन बघायचा प्रयत्न केला. म्हटलं आपण घेतलं, तर ती लिहील. ओठ मिटले, म चा आवाज झाला, पुढे काही नाही. गाय माझ्याकडे बघत होती.

तिनं कोरी जागा ठेवून यादी पाठवली.

सोमवारी आम्ही अंगणात फुलं वाळत घालत होतो तेव्हा फोन आला. तिच्या वरच्या बाई. नात बोलत होती, हो मॅडम, नाही मॅडम, चुकून नाही राहिलं, मुद्दाम. मग तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. "त्याईले तुह्यासंगं बोलाचं हाये."

माझे हात फुलांनी चिकट झालेले. मी मोबाईल धरला नाही, तिनंच कानाला लावला.

"आजी, नमस्कार," बाई म्हणाल्या. आवाज तरुण होता, मला वाटलं होतं म्हाताऱ्या असतील. "मी जरा स्पष्टच विचारते. खेळणारा माणूस त्या झाडाखाली जाऊन उभा राहिला, की बाकीच्या झाडांपाशी त्याला नाव ऐकू येतं. इथे आम्ही त्याला काय ऐकवायचं?"

मी नातीकडे बघितलं. ती खाली बघत होती. तिचा अंगठा मातीत रुतला होता.

"तिथं जे पडते ते आयकू द्या," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"फुलं. टपटप पडते ना. नाव नाही घेतलं तं तेच आयकू येते. आमी तसंच आयकलं."

बाई म्हणाल्या, "माझी आजी तुळशीला अंगणातली म्हणायची. 'अंगणातलीला पाणी घाल गं.' मी लहान होते, मला वाटायचं ती शब्द विसरते."

मी बाईंच्या आजोबांचं नाव विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

"तीन नावं बदलून हवी आहेत," बाई पुढे म्हणाल्या, "ती तिला सांगते. ही जागा कोरीच राहू दे. तिला द्या फोन."

नात बोलली, फोन ठेवला, आणि ओट्यावर जाऊन बसली. उडी नाही, नाच नाही. सुनेनं पाणी दिलं ते घोटाघोटानं प्यायली. म्हणाली, नद्यांची नावंही मलेच करायची हायेत. आणि मग रडली, पण ते झोप न झाल्याचं रडणं होतं, मी ओळखलं.

संध्याकाळी मुलगा आला. त्याला सगळं सांगितलं. तो गाडीवरची पोती उतरवत होता, ऐकून थांबला. बँकेचं काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "म्हन्जे मास्तरनं मले उगाच उभं ठेवलं."

मी नातीला म्हटलं, तू तं घेऊ शकते ना ते नाव. तुले कायची बंदी, तुहं कुठी लग्न झालं? ती म्हणाली, "जंगलातल्या मानसाईचा नियम हाये तो. नियम मीच केला, आन मीच मोडू?"

दुसऱ्या दिवशी तिला निघायचं होतं. फुलांचा भर ओसरत आलेला. मी उठले तर ती आधीच टोपलं घेऊन अंगणाच्या कवाडापाशी उभी, केस न विंचरलेले. माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, चाल. एल्लू लागला पडाले."

हा शब्द तिच्या यादीत नव्हता. माझ्या सहांतही नव्हता. मी चपला घातल्या आणि बोडीच्या वाटेला लागले.